अमीबा हे घराणं नव्हे

शाळेच्या पुस्तकातली अमीबाची आकृती कोल्हापुरात दहावी झालेल्या कुणालाही आजही काढता येईल. वेडीवाकडी कड, आत गोल ठिपका म्हणजे केंद्रक, त्याच्या बाजूला मोकळा गोल म्हणजे संकोची रिक्तिका, आणि बाहेर आलेल्या दोन-तीन बोटांना रेघ ओढून लिहायचं 'छद्मपाद'. गुण पक्के. त्याच पुस्तकात वर्गीकरणाच्या धड्यात अमीबा, पॅरामेशियम आणि युग्लीना एका ओळीत 'प्रोटिस्टा' या सृष्टीत बसवलेले असतात आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

आकृतीत काही चूक नाही. घोटाळा आहे तो त्या ओळीत, आणि त्याहून जास्त आपल्या डोक्यात बसलेल्या समजुतीत, की अमीबा म्हणजे एक जात आणि जगातले सगळे अमीबा एकमेकांचे भाऊबंद.

गंगावेशीच्या तालमीत लाल मातीत उतरलेले दहा पैलवान लांबून बघितले तर सगळे एका आईचे वाटतात. लंगोट तोच, माती तीच, कानही तसेच मोडलेले. पण चौकशी केली की कळतं, एक राधानगरीकडचा, एक सोलापूरचा आणि एक पार हरियाणातून आलेला. अमीबांचं तसंच आहे. अंगाला ठरावीक आकार नसणं आणि छद्मपाद पुढे टाकत सरकणं हा झाला पेशा. तो जीवसृष्टीतल्या अनेक घराण्यांत चालतो, आणि ही घराणी एकमेकांपासून इतकी दूर आहेत, की पुस्तकातला अमीबा प्रोटियस हा 'मेंदू खाणारा अमीबा' म्हणून बातम्यांत येणाऱ्या नेग्लेरियापेक्षा तुम्हा-आम्हाला जवळचा आहे. वाचायला विचित्र वाटेल, पण आजचं जीवशास्त्र हेच सांगतं.

आधी तो प्रोटियस नीट बघू, मग घराण्यांकडे जाऊ.

एका पेशीचा संसार

अमीबा प्रोटियस पेशीच्या मानाने अवाढव्य आहे. लांबी पाव ते पाऊण मिलिमीटर. आपली लाल रक्तपेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते, त्यावरून अंदाज करा. काचेच्या बशीत पाणी घेऊन खाली काळा कागद धरला, तर नजर चांगली असलेल्याला हा जीव पांढरट कणासारखा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

त्याच्या पेशीद्रव्याचे दोन थर असतात. कडेचा थर घट्ट आणि पारदर्शक, आतला पातळ आणि कणाकणांचा. सूक्ष्मदर्शकाखाली बघताना डोळा खिळतो तो आतल्या थरावर. सगळे कण एका दिशेने वाहत पुढे जातात, टोकाशी पोचले की दोन्ही बाजूंना फाकतात आणि कडेला जाऊन थांबतात. थांबतात, कारण तिथे पातळ द्रव्य घट्ट होतं. त्याच वेळी शेपटीकडचं घट्ट द्रव्य पातळ होऊन परत प्रवाहात येतं. पुढे घट्ट होणं आणि मागे विरघळणं हे चालू राहिलं, की सगळा जीव पुढे सरकतो, सेकंदाला काही मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश, या वेगाने. घट्ट-पातळ होण्याच्या या खेळात मुख्य हात अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचा. त्याचे सुटे रेणू जोडले जाऊन धागे बनतात, धाग्यांची जाळी होते, आणि गरज संपली की पुन्हा सुटे होतात. जाळी आवळायचं काम मायोसिन करतं. दंड-बैठका मारताना तुमच्या स्नायूंत काम करते ती हीच जोडी. मागून दाब येतो म्हणून अमीबा पुढे जातो की पुढचं टोक ओढून घेतं, यावर शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकातली कित्येक वर्षं वाद घातला.

खाण्याचं तंत्रही छद्मपादांचंच. तोंड नाही, म्हणून अंगाची कुठलीही बाजू तोंड होऊ शकते. समोर एखादा पॅरामेशियम आला की दोन-तीन बाजूंनी छद्मपाद पुढे येतात, भक्ष्याभोवती वाटी तयार होते आणि वाटीच्या कडा मिटतात. भक्ष्य पाण्याच्या थेंबासकट आत जातं. ही अन्नधानी. तिच्यात पाचकरस सोडले जातात, पचलेलं पेशीद्रव्यात मिसळतं आणि न पचलेलं मागच्या बाजूने बाहेर टाकलं जातं. पॅरामेशियम कधीकधी आत गेल्यावरही बराच वेळ धडपडत राहतो. वर्गात हे पहिल्यांदा बघणारी पोरं 'आयला' म्हणाल्याशिवाय राहत नाहीत.

संकोची रिक्तिका हा आकृतीतला सर्वात कंटाळवाणा गोल. पण तिच्याशिवाय हा जीव फुगून फुटेल. तळ्याच्या पाण्यात क्षार कमी, पेशीत जास्त, म्हणून पाणी सतत आत शिरत राहतं. ते गोळा करून ठरावीक वेळाने बाहेर फेकायचं, हे तिचं काम. बऱ्याच समुद्री अमीबांत ती नसते, कारण त्यांना हा त्रासच नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एंटअमीबातही ती नाही. राहण्याची जागा बदलली की अवयवही बदलतात, हे एका पेशीतही चुकत नाही.

श्वासासाठी वेगळी सोय लागत नाही, ऑक्सिजन पटलातून आपोआप आत येतो. प्रजननासाठी केंद्रक दुभंगतं, मग पेशी दुभंगते, एकाचे दोन. अमीबा प्रोटियसमध्ये नर-मादीचा व्यवहार कुणी पाहिलेला नाही. मात्र 'अमीबा म्हणजे अलैंगिक' हे सरसकट विधान आता टिकत नाही. अमीबांच्या बऱ्याच कुळांत लैंगिक प्रजननाच्या खुणा सापडल्या आहेत.

डबा भरला कसा, फुटला कसा

१७५५ मध्ये न्यूरेंबर्गच्या ऑगस्ट योहान रोझेल फॉन रोझेनहोफ या चित्रकार-निसर्गअभ्यासकाने या जीवाचं पहिलं चित्र छापलं आणि रूप पालटणाऱ्या ग्रीक देवावरून त्याला 'छोटा प्रोटियस' म्हटलं. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले, तसे असे सरकणारे जीव ढिगाने सापडायला लागले. ते ठेवायचे कुठे? एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी सोपी युक्ती काढली. चालण्याची तऱ्हा बघायची. छद्मपादांनी सरकणारे एका डब्यात, त्याचं नाव सार्कोडिना. चाबकासारखी कशाभिका हलवत पोहणारे दुसऱ्या डब्यात, अंगभर बारीक केस हलवणारे तिसऱ्यात, आणि परजीवी म्हणून राहून बीजाणू करणारे चौथ्यात. मलेरियाचा प्लास्मोडियम या चौथ्या डब्यातला.

१८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेलने प्राणी आणि वनस्पती यांच्या जोडीला प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी मांडली. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकरची पंचसृष्टी आली: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. आपली शालेय पुस्तकं बहुतेक इथपर्यंत येऊन थांबतात. मुलांना सुरुवात करून द्यायला पंचसृष्टी वाईट नाही, पण एक गोष्ट उघड सांगायला हवी. त्यातली प्रोटिस्टा ही सृष्टी उरलेल्यांची आहे. केंद्रक आहे, पण प्राणी नाही, वनस्पती नाही, कवक नाही, मग घाला प्रोटिस्टात. 'उरलेले' हे काही नातं होत नाही.

डब्यांना तडे आधीपासून जात होते. नेग्लेरिया हा जीव एरवी अमीबा म्हणून सरकतो, पण पाऊस पडून भोवतीच्या पाण्यातले क्षार विरळ झाले की तासा-दीड तासात दोन कशाभिका उगवून पोहायला लागतो. मग हा पहिल्या डब्यातला की दुसऱ्या? पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रिया) आतल्या घड्या दिसायला लागल्या. अमीबा प्रोटियसमध्ये त्या नळ्यांच्या आकाराच्या होत्या, नेग्लेरियात चकत्यांच्या. बाहेरून सारखे दिसणारे दोघे आतून वेगळे निघाले.

निकाल लावला जनुकांनी. १९७७ मध्ये कार्ल वूज यांनी रायबोसोमल आरएनए या रेणूची तुलना करून सजीवांची नाती लावता येतात हे दाखवलं. प्रथिनं बनवणारा रायबोसोम प्रत्येक पेशीत असतो आणि त्याचा हा रेणू फार सावकाश बदलतो, म्हणून दूरदूरची नातीही त्यातून लागतात. हीच पद्धत एकपेशीय जीवांना लावली आणि सार्कोडिनाचा डबा फुटला. त्यातले जीव एका ठिकाणी पडले नाहीत, वंशवृक्षाच्या पाच-सहा वेगवेगळ्या फांद्यांवर जाऊन बसले. १९९८ मध्ये थॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी त्यातल्या एका मोठ्या गटासाठी अमीबोझोआ हे नाव वापरलं आणि २००२ मध्ये दुसऱ्या एका गटासाठी रायझेरिया. २००५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी मिळून नवं वर्गीकरण छापलं, २०१२ आणि २०१९ मध्ये ते सुधारलं. त्यात सृष्टी, संघ, वर्ग या पायऱ्याच सोडून दिल्या आहेत. फक्त कोण कुणाच्या पोटात येतं ते सांगायचं. पाठांतर करणाऱ्याला ही पंचाईत वाटते. मला स्वतःला ती सुटका वाटते.

कोण कुणाचं

अमीबोझोआ हे अमीबा प्रोटियसचं खरं घराणं. यांचे छद्मपाद बहुधा जाड आणि बोथट. या घराण्याची बहीणफांदी म्हणजे प्राणी आणि कवकं यांची फांदी. म्हणजे अमीबा प्रोटियस, भूछत्र आणि आपण, तिघांचा पूर्वज एक, आणि नेग्लेरियाची वाट त्या पूर्वजाच्याही बरीच आधी फुटलेली. नेग्लेरियाचे सोयरे कोण? युग्लीना. आणि गुरा-घोड्यांना 'सर्रा' आजार देणारा ट्रिपॅनोसोमा. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, ते सर्रा चांगला ओळखतात, पण त्याचा जंतू आणि मेंदूतला अमीबा एका बाजूचे आहेत हे बऱ्याच जणांना नवीन असतं.

अमीबोझोआतली सर्वात नवलाची मंडळी म्हणजे डिक्टिओस्टेलियम. जंगलातल्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात सुटे सुटे राहतात आणि जिवाणू खातात. खाणं संपलं की उपाशी पेशी सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडते. शेजारची पेशी ते हुंगून त्या दिशेने निघते आणि स्वतःही तेच सोडते. काही मिनिटांच्या अंतराने अशा लाटा उठत राहतात आणि एक लाखापर्यंत पेशी एका जागी गोळा होतात. त्यांचा दोन-चार मिलिमीटरचा लांबट गोळा बनतो. तो उजेडाच्या, उबेच्या दिशेने सरपटत जातो, मग उभा राहतो आणि देठ वर काढून टोकाला बीजाणूंची गाठ धरतो. देठ होतात त्या पेशी मरतात, साधारण पाचातली एक. बाकीच्या बीजाणू होऊन वाचतात. मरायचं कुणी, हा प्रश्न उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी अक्षरशः चघळला आहे, कारण एकत्र येणाऱ्या सगळ्या पेशी सख्ख्या असतीलच असं नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मुदुमलाईच्या जंगलातल्या माती आणि शेणातून असे जीव वेगळे केले, तेव्हा एकाच देठावर वेगवेगळ्या वंशांच्या पेशी सापडल्या. म्हणजे परक्यासाठीही कुणी देठ होतंय. आणि काही वंश असे आहेत, की गोळ्यात येतात पण देठ व्हायची पाळी शिताफीने चुकवतात. माणसांबद्दल बोलत नाही आहे मी.

याच घराण्यात फायसॅरमही येतो, पिवळ्या जाळ्यासारखा पसरणारा. तो हातभर वाढला तरी एकच पेशी, आत केंद्रकं मात्र असंख्य. जपानमध्ये २००० मध्ये त्याला चक्रव्यूहात सोडलं तर दोन टोकांच्या अन्नाला जोडणारा जवळचा रस्ता त्याने धरला. २०१० मध्ये टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवले, तर त्याचं जाळं तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी बरंच जुळलं. पावसाळ्यात दाजीपूरच्या बाजूला कुजक्या ओंडक्यांवर नजर ठेवा, या मंडळींना अशीच जागा लागते. पूर्वी यांना बुरशीत धरायचे. बुरशीशी नातं आहे ते न्यूक्लिअरिया नावाच्या वेगळ्याच एका अमीबाचं.

रायझेरियाचे छद्मपाद बारीक धाग्यांसारखे, कधी एकमेकांत गुंतून जाळी झालेले. फोरॅमिनिफेरा यांच्यातले. समुद्रात राहून चुन्याची कवचं करतात आणि मेल्यावर कवचं तळाशी साठतात. गिझाच्या पिरॅमिडांचे चुनखडीचे दगड न्युम्युलाइट नावाच्या फोरॅमिनिफेराने भरलेले आहेत. ते बघून मजुरांच्या जेवणातली मसूर सांडून तिचा दगड झाला, असं स्थानिक लोक म्हणत, आणि स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने ते नोंदवून ठेवलंय. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचा, त्यात हे शोधून उपयोग नाही. पण कोकणात गेलात तर किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू भिंगाखाली धरा, त्यात बारीक शंखांसारखी कवचं दिसतील. तेल शोधणाऱ्या कंपन्या खडकाचं वय ठरवायला यांचाच आधार घेतात, कारण प्रत्येक काळात वेगळ्या जाती होत्या.

सूर्यासारखे किरण बाहेर काढणारा अ‍ॅक्टिनोफ्रिस हा गोड्या पाण्यातला जीवही पूर्वी सार्कोडिनात होता. आता तो डायटम आणि तपकिरी शैवाल यांच्या बाजूला गेला आहे.

मग इतक्या दूरदूरच्या घराण्यांत एकच चाल आली कशी? काही ठिकाणी ती स्वतंत्रपणे घडली असेल. पण अ‍ॅक्टिनची यंत्रणा सगळ्यांत जवळपास तीच आहे, नेग्लेरियात आणि आपल्या पांढऱ्या पेशींतही. जखमेकडे धावणारी पांढरी पेशी अमीबासारखीच सरकते आणि अमीबासारखीच जिवाणू गिळते. त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं, की ही चाल केंद्रक असलेल्या सगळ्या पेशींच्या एका फार जुन्या, शंभर कोटी वर्षांहूनही आधीच्या पूर्वजाला येत होती. वारसांपैकी काहींनी ती ठेवली, काहींनी सोडली.

आव, आणि तो रिपोर्ट

आता घरातल्या अमीबाकडे. एंटअमीबा हिस्टोलिटिका हा अमीबोझोआतलाच, पण मोठ्या आतड्यात राहतो. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या फ्योदोर लॉश यांनी तो आव पडणाऱ्या रुग्णात पाहिला, १९०३ मध्ये फ्रिट्झ शाउडिन यांनी त्याला आजचं नाव दिलं. पसरतो तो सिस्टच्या रूपात, म्हणजे जाड कवचात मिटलेली पेशी. सिस्ट विष्ठेतून पाण्यात, भाजीवर, हातावर येते आणि गिळली की आतड्यात कवच फोडून अमीबा बाहेर पडतो. नळाच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरीन तिला पुरत नाही, उकळणं पुरतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर 'पाणी उकळून प्या' ही सूचना ज्यांनी कंटाळून ऐकली, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आतड्याच्या अस्तराला हा जीव जखमा करतो. २०१४ मध्ये समजलं, की तो जिवंत पेशींचे लचके तोडून खातो. एक-एक घास, पेशी मरेपर्यंत. रक्तातून यकृतात पोचला तर तिथे गळू होतं, आणि ते बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतं.

पण विष्ठा तपासणीच्या रिपोर्टवर हिस्टोलिटिकाची सिस्ट लिहून आली म्हणजे आजार आहे, असं नसतं. १९२५ मध्येच एमिल ब्रुम्प्त यांनी सांगितलं होतं, की दिसायला अगदी सारखी, पण निरुपद्रवी अशी दुसरी जात आहे, एंटअमीबा डिस्पार. कुणी फारसं ऐकलं नाही. १९९३ मध्ये दोन्ही जाती रीतसर वेगळ्या केल्या गेल्या. दोघांच्या सिस्टमध्ये चार केंद्रकं असतात, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळत नाही. नक्की ठरवायला प्रतिजन किंवा डीएनए तपासणी लागते. आपल्याकडे मात्र पोटात जरा मुरडा आला की मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलची पट्टी आणायची सवय आहे. दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या कपाटात, पुढच्या वेळेसाठी. हे औषध आतड्याच्या अस्तरात घुसलेल्या अमीबावर चांगलं चालतं, पोकळीतल्या सिस्टवर तितकंसं नाही, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा त्यानंतर दुसरं औषध देतात. अर्धी पट्टी खाणाऱ्याला ते दुसरं औषध कधी मिळतच नाही, आणि त्याच्या आतड्यातून सिस्ट बाहेर पडत राहू शकतात.

विहिरीत पोहायचं का?

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूच्या अमीबाचे रुग्ण सापडले, तेव्हा करवीर तालुक्यातल्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पोरगं विहिरीत पोहायला शिकतंय. बंद करू व्हय?"

त्याला जे सांगितलं ते असं. नेग्लेरिया फाउलेरी कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो, ४५ अंशांच्या आसपासची उष्णताही त्याला सोसते. पाणी प्यायल्याने तो आजार देत नाही, माणसाकडून माणसाकडे जात नाही. पाणी जोरात नाकात शिरलं तर वासाच्या मज्जातंतूवरून तो मेंदूत चढतो. हे फार क्वचित घडतं. कोट्यवधी लोक नदी-विहिरींत पोहतात आणि त्यांना काही होत नाही. घडलं तर मात्र वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. २०२४ मध्ये केरळातला चौदा वर्षांचा एक मुलगा वाचला, कारण शंका लवकर आली आणि मिल्टेफोसिन या औषधासह उपचार वेळेत सुरू झाले. म्हणून पोहणं बंद करू नका. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या, गाळ ढवळलेल्या पाण्यात उड्या मारू देऊ नका. नाकाला क्लिप लावली तर उत्तम. पोहल्यानंतर काही दिवसांत जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं असं दिसलं, तर तडक मोठ्या दवाखान्यात न्या आणि 'पोहला होता' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. जलनेती करणाऱ्यांनीही नळाचं पाणी उकळून, गार करूनच वापरावं.

"म्हणजे वाहत्या पाण्यात न्यावं," तो म्हणाला. तेही चालेल, पण पंचगंगेला काय काय येऊन मिळतं याचा विचार करून.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना एक वेगळा अमीबा माहीत हवा, अकॅन्थअमीबा. माती, नळ, धूळ, सगळीकडे असतो. लेन्स नळाच्या पाण्याने धुतली तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलात (कॉर्निया) घर करू शकतो आणि ते फार दुखतं. पण याच अकॅन्थअमीबाने विज्ञानाला मोठं घबाडही दिलं. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात त्याच्या पोटात काही कण दिसले. इतके मोठे, की सगळ्यांनी जिवाणूच समजले. २००३ मध्ये कळलं, तो विषाणू आहे. मिमिव्हायरस.

पोटात गेलेलं सगळंच पचत नाही, याचा सर्वात देखणा दाखला अमेरिकेत क्वांग जॉन यांच्या प्रयोगशाळेत घडला. १९६६ मध्ये त्यांच्या अमीबा प्रोटियसना जिवाणूंचा संसर्ग झाला आणि बहुतेक अमीबा मेले. काही तगले. जॉन यांनी ते फेकून दिले नाहीत, वाढवत राहिले. प्रत्येक पेशीत हजारो जिवाणू, तरी अमीबा जगत होते. काही वर्षांनी त्यांनी या अमीबांची केंद्रकं काढून जिवाणू नसलेल्या अमीबांत घातली, तर ते जगेनात. बाहेरून जिवाणू टोचले की जगत. ज्या जिवाणूंनी आधी मारलं, त्यांच्याशिवाय आता भागेना, आणि हे सगळं एका माणसाच्या नोकरीच्या काळात. आपल्या पेशींतल्या तंतुकणिका अशाच कधीतरी आत आलेल्या जिवाणूंच्या वंशज आहेत, हे पुस्तकात वाचतो तेव्हा ते फार लांबचं वाटतं. जॉन यांच्या काचेच्या बशीत त्याची सुरुवात चालू असलेली दिसते.

बघायचं असेल तर

तयार स्लाइडवरचा अमीबा मेलेला आणि रंगवलेला असतो. जिवंत बघायचा तर रंकाळ्याच्या किंवा कळंब्याच्या काठावरून, मधल्या पाण्यातून नव्हे, कुजकी पानं आणि त्याखालचा तपकिरी थर थोड्या पाण्यासकट बरणीत घ्या. झाकण सैल ठेवून सावलीत काही दिवस राहू द्या, हलवू नका. मग ड्रॉपरने तळाचा थेंब काचपट्टीवर घ्या. धक्का लागला की अमीबा छद्मपाद आत घेऊन गोळा होतात, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबा. उजेड कमी करा. भगभगीत उजेडात पारदर्शक पेशी दिसत नाही, आणि नवशिके नेमके इथेच हरतात. आधी शंभर पटीने बघा, काही सरकताना दिसलं तरच पुढची भिंगं लावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

प्रोटियस पहिल्याच थेंबात भेटेल अशी आशा ठेवू नका. आधी बहुधा आर्सेला भेटतो: तपकिरी गोल चकती आणि मधोमध भोक. तेच कवच. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या तटावरचं शेवाळ ओलं करून पिळलं आणि त्या पाण्यात बघितलं, तर कवचवाले आणखी मिळू शकतात. कवचावर वाळूचे कण चिकटवलेले दिसले तर डिफ्लुजिया, तो आर्सेलासारखाच अमीबोझोआतला, आतून बोथट बोटं काढणारा. कवच काचेसारखं असेल, त्यावर खवले ओळीने लावलेले असतील आणि तोंडातून बारीक धागे बाहेर येत असतील, तर तो युग्लायफा, रायझेरियाचा.